खाण्याच्या वहीवर शेरा कसा लिहावा

वजन कमी करायचं म्हणून आहारतज्ज्ञाकडे गेलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगितलं जातं, ‘जे खाल ते लिहून ठेवा.’ माणूस इमानेइतबारे लिहितो, आठवड्यानं वही पुढे ठेवतो. समोरचा भराभर पानं उलटतो, भाताच्या तीन नोंदींखाली रेघ मारतो, ‘भात कमी करा, गोड बंद’ म्हणतो आणि वजनकाट्याकडे बोट दाखवतो. पुढच्या आठवड्यात वहीत भात नसतो. घरात तो रोज शिजत असतो, ताटातही येत असतो. फक्त वहीत येईनासा होतो.

या वहीचं सगळं मोल तिच्या खरेपणात आहे. आणि तो खरेपणा टिकणार की नाही, हे लिहिणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून हे लिहिलंय ते वाचणाऱ्यांसाठी: आहारतज्ज्ञ, दवाखान्यातल्या समुपदेशक, जिममधले प्रशिक्षक, आणि रोज रात्री व्हॉट्सॲपवर बहिणीच्या ताटाचे फोटो बघून उत्तर देणारी मोठी बहीणसुद्धा.

लिहिण्याचा फायदा होतो, याचा पुरावा भरपूर आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळपास १,७०० जणांच्या एका अभ्यासात आठवड्यातून सहा किंवा जास्त दिवस नोंद ठेवणाऱ्यांचं वजन, एखादाच दिवस लिहिणाऱ्यांच्या किंवा अजिबात न लिहिणाऱ्यांच्या साधारण दुप्पट उतरलं. अर्थात मुळात जो मन लावून करतोय तोच रोज लिहितो, हेही त्यात आलंच. पण वहीतले आकडे किती खरे असतात, ही गोष्ट वेगळी. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ‘दिवसाला १,२०० कॅलरीसुद्धा खात नाही, तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या माणसांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च मोजला. त्यांची चयापचयाची गती व्यवस्थित होती. त्यांनी खाल्लेलं सरासरी ४७ टक्के कमी लिहिलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. या आकड्यांवरून रुग्णांना खोटारडं ठरवायचा मोह फार जणांना होतो. तो टाळायला हवा. हातून निसटणाऱ्या गोष्टी खरोखर निसटतात, आणि कुठे निसटतात ते आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून बघितलं की कळतं.

‘२ पोळ्या’ ही नोंद घ्या. वहीत याहून स्पष्ट काय असणार? पण फुलक्याला २५ ग्रॅम कणीक लागते, म्हणजे साधारण ८५ कॅलरी. घडीच्या पोळीला ४० ग्रॅम कणीक आणि घडीत, वरून मिळून ३ ग्रॅम तरी तेल, म्हणजे १६० च्या पुढे. दोन फुलके १७०, दोन घडीच्या पोळ्या सव्वातीनशे. नोंद तीच. दोन वेळच्या जेवणात फरक ३०० कॅलरींचा, आणि आठवड्याला पाव किलोच्या आसपास वजन उतरवायला दिवसाला एवढीच तूट पुरते. हे सोडवायला ॲप लागत नाही. एकदाच, कणीक मळून झाल्यावर पाच गोळे करून किचनच्या काट्यावर वजन करायचं आणि पाचाने भागायचं. गोळ्यात पीठ आणि पाणी दोन्ही असतं, म्हणून त्यातला साधारण पाच-अष्टमांश भाग पीठ धरायचा: ४८ ग्रॅमचा गोळा म्हणजे ३० ग्रॅम पीठ. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की पुढे ‘२ पोळ्या’ एवढंच लिहिलं तरी चालतं.

वाटीचंही तसंच. घराघरातल्या वाट्या १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत असतात. नेहमीच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून ते मापाच्या भांड्यात ओतायचं, झालं. तेल तर ताटावर कधी दिसतच नाही. ते ताटावरून न मोजता महिन्याच्या किराण्यावरून मोजावं: चार माणसांच्या घरात महिन्याला ३ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज २५ मिली, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी. तूप, लोणी आणि भाज्यांत पडणारं दाण्याचं कूट वेगळं. एक मोठा चमचाभर कूट म्हणजे आणखी ५० कॅलरी.

आणि ‘उपवास’. आपल्याकडच्या वह्यांमध्ये गुरुवारी किंवा चतुर्थीला हा एकच शब्द लिहिलेला असतो, जणू त्या दिवशी मोजण्यासारखं काही नव्हतंच. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका बशीत ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप आणि थोडा बटाटा धरला तर साडेचारशेच्या वर कॅलरी होतात आणि प्रथिनं मिळतात ती फक्त दाण्यांतून. यात श्रद्धेला धक्का लागेल असं काही बोलायची गरज नाही. ‘उपवासाला काय घेतलं तेही लिहाल का?’ एवढं विचारलं तरी पुढच्या वेळी बशी वहीत येते.

आता शेऱ्याकडे येऊ. नुसती वही ठेवण्यापेक्षा वही वाचून कुणीतरी उत्तर देण्यानं काय फरक पडतो, हे तपासून झालेलं आहे. २००१ साली अमेरिकेत ९१ जणांवर झालेल्या एका चाचणीत दोन्ही गटांना इंटरनेटवरून माहिती मिळत होती. एका गटाला त्याशिवाय वर्तनाचे पाठ होते, आणि दर आठवड्याला पाठवलेल्या नोंदींवर तज्ज्ञाचं व्यक्तिगत उत्तर ईमेलनं येत होतं. सहा महिन्यांनी त्या गटाचं वजन सरासरी ४.१ किलो उतरलं, दुसऱ्याचं १.६ किलो. त्याच संशोधकांनी २००६ मध्ये माणसानं लिहिलेली उत्तरं आणि संगणकानं जुळवलेली उत्तरं समोरासमोर ठेवली. तीन महिन्यांपर्यंत दोन्हींत फारसा फरक नव्हता. सहा महिन्यांनी माणसाचं उत्तर मिळणाऱ्यांचं वजन ७.३ किलो उतरलं होतं, संगणकाचं मिळणाऱ्यांचं ४.९, आणि काहीच न मिळणाऱ्यांचं २.६. याच्या उलट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५०२ जणांच्या चाचणीत फोनवर दिवसाला तीनपर्यंत स्वयंचलित संदेश पाठवले गेले आणि नुसती नोंद ठेवणाऱ्या गटापेक्षा वजनात काहीच वेगळं घडलं नाही.

या चाचण्या एकमेकींशेजारी ठेवल्या की आम्हाला त्यातून एक अर्थ दिसतो. उत्तरांची संख्या वाढवून काही होत नाही. कुणीतरी आपलं पान खरंच वाचलं, हे लिहिणाऱ्याला उत्तरातून जाणवलं पाहिजे. ‘छान!’, ‘कीप इट अप’, अंगठ्याचं चिन्ह, यातून ते जाणवत नाही, कारण पान न बघताही एवढं पाठवता येतं.

वाचून दिलेलं उत्तरसुद्धा नुकसान करू शकतं. प्रतिसाद या विषयावरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र अभ्यास १९९६ मध्ये झाला. शाळा, कारखाने, प्रयोगशाळा, सगळीकडचे निष्कर्ष त्यात होते. एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी प्रतिसाद मिळाल्यावर कामगिरी आधीपेक्षा खालावली होती. संशोधकांनी सुचवलेलं कारण वजनाच्या बाबतीत तंतोतंत पटतं: शेरा कामावरून माणसावर घसरला की लक्ष कामातून उडतं आणि स्वतःची लाज सांभाळण्यात खर्ची पडतं. ‘तुमचा कंट्रोल नाही’ हा शेरा माणसावर आहे. ‘साडेसहाच्या सुमारास रोज चिवडा येतोय’ हा शेरा पानावर आहे. पहिल्यावर माणूस काय करणार? वही लपवणार.

एक पान जवळून बघू. समजा, ठाण्यात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या बाईंचा मंगळवार असा आहे. सकाळी ६.३० चहा. ८.१५ पोहे एक बशी, चहा. १.१५ डबा: २ पोळ्या, फ्लॉवर-बटाटा, काकडी. ३.३० चहा. ५.०० चहा, २ मारी बिस्किटं. ६.४५ ‘थोडा चिवडा’. ९.१५ एक भाकरी, पिठलं, थोडा भात.

घाईनं वाचणाऱ्याची नजर आधी भातावर आणि बटाट्यावर जाते. अनुभवी वाचणारा आधी वेळा बघतो. सव्वाच्या जेवणानंतर सव्वानऊपर्यंत आठ तास आहेत. मध्ये लोकलचा प्रवास आहे, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर चिवड्याचा डबा उघडला गेलाय. ‘थोडा’ हा शब्द पोह्यांना आला नाही, चिवड्याला आणि भाताला आला. मोजायला नको वाटतं तिथेच असा शब्द येतो. स्वयंपाक करता करता तीन मुठी चिवडा म्हणजे ७५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीनशेच्या वर कॅलरी. रात्रीच्या भाकरीपेक्षा जास्त. दुसरी गोष्ट चहाची. म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर घातलेला एक कप शंभरेक कॅलरींचा होतो, चार कप म्हणजे चारशे.

म्हणजे सांगण्यासारख्या निदान चार गोष्टी या पानावर आहेत: चिवडा, चहा, पोह्यांचं तेल, डब्यात न दिसणारं वरण किंवा उसळ. पाठवायचं मात्र एवढंच:

‘ताई, मंगळवारचं पान पूर्ण भरलंय. पावणेसातचा चिवडा तुम्ही लिहिलात म्हणून एक गोष्ट लक्षात आली. दुपारी सव्वाला जेवल्यावर तोपर्यंत चहा-बिस्किटांशिवाय पोटात काही नाही. घरी येईपर्यंत कडकडून भूक लागते का? तसं असेल तर गुरुवारी आणि शुक्रवारी पाचच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे खाऊन बघाल का? नंतर चिवडा खाल्लात तरी लिहा, किती मुठी तेही. शनिवारी बोलू.’

या सहा-सात ओळींत प्रत्येक वाक्याला काम आहे. पहिलं कौतुक लिहिण्याचं आहे, कमी खाण्याचं नाही. कमी खाण्याचं कौतुक केलं की ज्या दिवशी जास्त खाल्लं त्या दिवशी लिहायला हात धजत नाही. चिवडा लिहिल्याबद्दल शाबासकी मिळाली, म्हणजे उद्या वडापावही वहीत येईल. मग जे दिसलं ते, वेळेसकट. त्याचा अर्थ आपण लावायचा नाही, विचारायचं. कदाचित भूक नसेल, सासूबाईंशी गप्पा मारताना डबा मध्ये असेल, आणि मग फुटाण्यांनी काहीच होणार नाही. सूचना एकच, तीही दोन दिवसांपुरती. ३० ग्रॅम फुटाण्यांत ११० कॅलरी आहेत, बिस्किटांपेक्षा जास्तच. पण सात वाजताच्या तीनशे वाचणार असतील तर पाचच्या ११० खुशाल खाव्यात. शेवटी, ठरलं तसं झालं नाही तरी काय करायचं, हे आधीच सांगून ठेवलंय.

बाकीच्या तीन गोष्टी कुठे गेल्या? वाचणाऱ्याच्या टिपणवहीत. चहाची साखर पुढच्या आठवड्यात येईल. ‘कपात एक चमचा आणि टोन्ड दूध करून बघू, कपामागे चाळीस वाचतील’ असं ते वाक्य असेल. तेल त्याच्या पुढच्या आठवड्यात. आपल्याला सगळं दिसतंय हे सिद्ध करायची वाचणाऱ्याला फार घाई असते. चार सूचनांपैकी एकही होत नाही आणि चारही न जमल्याची टोचणी मात्र राहते, हे वह्या वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

उत्तर कधी जातं यालाही महत्त्व आहे. पहिले दोन आठवडे नोंद आल्यापासून एका दिवसाच्या आत. मंगळवारच्या चिवड्याबद्दल पुढच्या सोमवारी बोललं तर त्या संध्याकाळची भूक कुणाला आठवणार? सवय बसली की आठवड्यातून एकदा पुरतं. टाइप २ मधुमेह टाळण्यासाठीचा अमेरिकेतला मोठा प्रयोग, ज्याचे निकाल २००२ मध्ये आले, त्यात पहिल्या २४ आठवड्यांत १६ भेटी होत्या आणि वह्या तपासून, त्यावर लिहून परत दिल्या जात. उद्दिष्ट होतं ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. हे एकट्या वहीचं श्रेय नाही, पण वही त्या सगळ्याच्या मध्यभागी होती.

वजनाच्या नोंदीवर शेरा लिहिणं आणखी नाजूक. एकाच काट्यावर, टणक फरशीवर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन केलं तरी ते दिवसागणिक एखादा किलो इकडेतिकडे होतं. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. लोणचं-पापड जास्त झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, की काटा वर जातो. चरबीचा त्यात काही संबंध नसतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर एक शब्दही बोलू नये. सात दिवसांची सरासरी काढावी. एका आठवड्याचे आकडे ७४.६, ७४.२, ७४.९, ७४.४, ७५.१, ७४.३, ७४.० असतील तर सरासरी ७४.५. पुढच्या आठवड्याचे ७४.३, ७३.९, ७४.१, ७५.०, ७४.४, ७३.८, ७३.९, सरासरी ७४.२. या दुसऱ्या आठवड्यात आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं आणि सकाळी ७५.० दिसले. त्या सकाळी नुसता काटा बघणाऱ्याला वाटणार, दहा दिवस फुकट गेले. प्रत्यक्षात ३०० ग्रॅम उतरलेत आणि वेग उत्तम आहे. ही बेरीज-भागाकार समोरच्याकडूनच करून घ्यावी. त्यानं स्वतः काढलेला ७४.२ हा आकडा आपल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त धीर देतो.

दोन-तीन ठिकाणी शेरा बाजूला ठेवून लगेच फोन उचलावा लागतो. इन्शुलिन किंवा मधुमेहावरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याच्या वहीत जेवण गाळल्याच्या नोंदी दिसल्या, किंवा ‘घाम आला, हातपाय थरथरले’ असं आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. डोस कमी करावा लागू शकतो. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, तिथेही डॉक्टरच. आणि एखादी मुलगी दिवसातून चार वेळा वजन करते, अर्ध्या बिस्किटाबद्दल माफी मागते, जेवल्यावर उलटी काढल्याचं सुचवते, तेव्हा वही थांबवायची. तिला मानसोपचाराची गरज आहे, आणि आपलं प्रत्येक कौतुक तिला आणखी खोल नेईल.

घरच्यांचे शेरे हा वेगळाच त्रास. ‘दुसरी पोळी घेतलीस का?’ हे प्रेमानं विचारलेलं असतं आणि तरी ताटावर बसलेल्या माणसाला ते सगळ्यांदेखत झालेल्या तपासणीसारखं लागतं. घरच्यांना वही वाचायला देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांना काम द्यावं: चिवड्याचा डबा ओट्यावरून वरच्या फडताळात ठेवणं, तेलाची पिशवी उघडली की तिच्यावर तारीख टाकणं, संध्याकाळी सातला कुकर लावणं. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांची वजनं क्रमानं टाकण्याची जी पद्धत आलीय तीही बंद व्हावी. शेवटच्या तीन नावांची माणसं तिथून गप्प निघून जातात आणि ग्रुपवर उरलेल्यांना वाटतं, पद्धत चाललीय.

कोऱ्या पानांवरही शेरा लिहावा लागतो, आणि बरेचदा तोच सर्वांत कामाचा ठरतो. सोमवार ते शुक्रवार भरलेले, शनिवार-रविवार कोरे, असं तीन आठवडे दिसलं तर ते आळसाचं लक्षण समजू नये. त्या दोन दिवसांत बाहेरचं खाणं आहे, पाहुणे आहेत, आणि एवढं सगळं कसं लिहायचं हा प्रश्न आहे. मग मागणी कमी करावी: ‘रविवारी फक्त दुपारचं जेवण, एका ओळीत.’ एकूणच लिहिण्याचा बोजा पुढे पुढे उतरवत न्यायचा असतो. २०१९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात फोनवर नोंद करणाऱ्यांना पहिल्या महिन्यात दिवसाला सुमारे २३ मिनिटं लागत, सहाव्या महिन्यात १५ पेक्षा कमी. ज्यांचं वजन चांगलं उतरलं ते फार वेळ लिहीत नव्हते, दिवसातून जास्त वेळा लिहीत होते. हे सुरुवातीलाच सांगितलं तर माणूस कंटाळून सोडत नाही. तीन महिन्यांनंतर पूर्ण दिवसाऐवजी अडचणीची एकच वेळ लिहिली तरी चालतं. आणि शेराही हळूहळू त्याच्याच हातात द्यायचा: शनिवारी वही पाठवताना खाली स्वतः दोन ओळी लिहायच्या, काय दिसलं आणि पुढच्या आठवड्यात काय बदलणार. आपण त्यावर फक्त होकार द्यायचा किंवा एखादा प्रश्न विचारायचा.

दिवाळीनंतर बऱ्याच वह्या येतच नाहीत. वसुबारसेच्या आसपास थांबलेल्या, पुन्हा उघडायची हिंमत होत नाही अशा. अशा वेळी मागची पानं भरून मागू नयेत. आठवून लिहिलेला फराळ खराही नसतो आणि उपयोगाचाही नसतो. वजन किती वाढलं हेही पहिल्याच दिवशी विचारू नये. ‘काकू, उद्या सकाळचा चहा आणि नाश्ता एवढंच लिहून पाठवा. चकली उरली असेल आणि खाल्लीत तर तीही लिहा,’ एवढा संदेश पुरे. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत उत्तर आलं, तर अकराच्या आत त्यावर आपलं उत्तर गेलं पाहिजे.